माइकपासून एक वीत

भुतंखेतं, भानामती, अंगात येणं, यातलं काही मी कधी मानलं नाही. माहेरी कुणाच्या अंगात आलं की मी गर्दीतून उठून चुलीपाशी जायची आणि राहिलेल्या भाकरी थापायची. इथं चेन्नईतही शेजारणी अमावास्येला दारात कोहळा फोडतात. मी त्याच्या फोडी ओलांडून कामावर जाते. त्यामुळं आज हे लिहायला बसले तर माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

माझी पुतणी अश्विनी म्हणते, दिवाळी अंकात लोकांच्या अनुभवांचं पान असतं, तिथं पाठव. मी काही पाठवणार नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालंय, आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो. पण गावाकडून आलेली मासिकं मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. तेव्हा ती वाचणाऱ्यांना सांगावं तसंच, पण माझ्या वहीत लिहून ठेवते.

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातले, खानापूर तालुक्यातले. आमच्याकडची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलीत. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. माझे मालक त्यासाठी चेन्नईला आले आणि त्यांच्यामागं मी आले, त्याला तीस वर्षं होत आली. आम्ही वेस्ट मांबलममध्ये राहतो, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुनं बैठं घर आहे. त्यात वरदन सरांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. अकरा वर्षांपूर्वी तिथं झाडलोट करायला आणि कापी-नाश्ता (कॉफीला इकडं कापी म्हणतात) बघायला म्हणून मी लागले. झाडलोट अजून करते. पण आता माइकसुद्धा मीच लावते.

हे वाक्य लिहून मला इतकं बरं वाटलं की परत एकदा लिहिते — माइक मी लावते.

ते कसं झालं ते सांगते. स्टुडिओ छोटा आहे. आत गाणाऱ्याची खोली, बाहेर सरांचं टेबल आणि कॉम्प्युटर, मध्ये जाड काच. देवाची गाणी, शाळांच्या प्रार्थना, कधी साड्यांच्या दुकानाची जाहिरात, असलं काम चालतं. पहिली दोन वर्षं मी नुसतं बघितलं. एक दिवस मैलापूरकडच्या एक बाई गायला आल्या होत्या. सभांमधून, म्हणजे इकडच्या गाण्याच्या मैफलींतून गाणाऱ्या, नाव असलेल्या. त्यांच्या गाण्यात जिथं जिथं ‘प’ यायचा तिथं माइकमध्ये फट्ट करून आवाज व्हायचा. चार वेळा झालं. बाई वैतागल्या. मी कापी घेऊन गेले आणि हळूच सरांना म्हटलं, यांचं तोंड माइकच्या सरळ रेषेत आहे, तोंडातला वारा थेट आत जातोय. माइक दोन बोटं वर घेऊन जरा खाली झुकवला तर वारा खालून निघून जाईल.

बाईंनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सरांना विचारलं, “आता कापी देणारी सांगणार?”

सर म्हणाले, “करून बघू. कापी तर चांगली देते.”

पुढचा टेक स्वच्छ आला. हे तुला कुणी शिकवलं, असं सरांनी नंतर मला विचारलं. कुणी शिकवणार? ताटातल्या पिठापाशी वाकून कुणी ‘प’ म्हटलं तर पीठ उडतं, ‘अ’ म्हटलं तर उडत नाही. भाकऱ्या थापणाऱ्या बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही.

तेव्हापासून सरांनी मला एकेक दाखवायला सुरुवात केली. चांगला माइक फुंकर मारून बघायचा नाही, त्यावर टिचकीही मारायची नाही. काम झालं की स्वच्छ कापड घालून ठेवायचा. तो समोरचं ऐकतो, मागून बहिरा असतो. म्हणून गाणाऱ्याच्या पाठीमागं काय आहे ते आधी बघायचं, कारण माइकचं तोंड तिकडं असतं आणि भिंत उघडी असली तर आवाज तिथून आपटून परत येतो. साधं गाणं असेल तर तोंड आणि माइक यात एक वीत अंतर. गाणारा जोरात लावणारा असेल तर कोपरापर्यंतचा हात. हळू ओळीला पुढं व्हायचं, वरच्या सुराला मागं सरायचं किंवा मान जराशी वळवायची. श्वास घेताना तोंड बाजूला. सरांकडं मोजायची पट्टी आहे, पण मी माझी वीत लावते. माझी वीत चुकत नाही, असं सर येणाऱ्यांना सांगतात आणि मी आत पळते.

भिंतींना लावलेला स्पंज चार वर्षांपूर्वी भुगा होऊन गळायला लागला. तेव्हा मी घरून माझी वाकळ नेली. आठ पदरी, जुन्या लुगड्यांची, हातानं शिवलेली. गाणाऱ्याच्या पाठीमागं दांडीवर टांगली. सरांनी खोलीत टाळी वाजवून बघितली. टाळी वाजली तिथंच विरली. सर म्हणाले, परदेशी स्पंजाला जमलं नाही ते हिला जमलं.

ती वाकळ आक्कांनी शिवलेली. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, अश्विनीची आई.

आता आक्कांबद्दल सांगायला हवं. त्या गायच्या. आमच्याकडं लग्नाआधी घाणा भरतात, म्हणजे हळद कुटायचा कार्यक्रम. उखळाला हळदीकुंकू लावतात, मुसळांना आंब्याची पानं बांधतात आणि सवाशिणी गात गात हळकुंडं कुटतात. आमच्या घराची रीत अशी की मुसळं दोन, आणि दोघी समोरासमोर. एकीचं मुसळ खाली येतं तेव्हा दुसरीचं वर जातं. श्वासही तसाच पाळीपाळीनं. जिचं मुसळ वर ती श्वास घेते, जिचं खाली ती गाते. अर्धी ओळ एकीनं म्हणायची, आणि तिनं ती सोडायच्या आत दुसरीनं धरायची. कुठंही खंड पडता कामा नये. पडला तर भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्या हसायच्या — “दोरा तुटला गं.”

आक्का आणि मी गायचो तेव्हा आमचा दोरा कधी तुटला नाही. मी माणसांपुढं तोंड न उघडणारी, पण आक्का समोर असल्या की मला दुसरं कुणी दिसायचंच नाही. मी म्हणायची, “हळकुंड फुटलं बाई, उखळात…” आणि आक्का धरायच्या, “…ऊन सांडलं.” मी म्हणायची, “ते ऊन उचला बाई, लेकीच्या…” आणि त्या, “…अंगाला लावा.” अशी बावीस ओळींची अकरा कडवी. मुसळ खाली आलं की आक्का ओळीच्या शेवटी हलकेच “हं” करायच्या. ती त्यांची सवय.

धाकट्या दिरांच्या लग्नात त्या घाण्याचं व्हिडिओ शूटिंग झालं होतं. आक्कांच्या गाण्याची राहिलेली एवढीच खूण. आणि त्या व्हिडिओवाल्यानं काय करावं? त्या जागी सिनेमातलं गाणं घातलं. चांगलं दिसतं म्हणून. आक्कांचं तोंड हलतं, मुसळ वर-खाली होतं, आणि आवाज भलत्याच बाईचा येतो. मी त्यात पाठमोरी आहे, नुसता अंबाडा दिसतो. पुढच्याच वर्षी आक्का चार दिवसांच्या तापात गेल्या. अश्विनी पाच वर्षांची होती. मला मूल नव्हतं. मी तिला चेन्नईला घेऊन आले.

ती इथंच शिकली, तमिळ फाडफाड बोलते. मोठ्या गाड्यांच्या कंपनीत आहे, मैत्रिणींबरोबर अण्णा नगरला राहते, रविवारी घरी येते. आठवीत असताना एकदा तिनं मला विचारलं होतं, “काकी, आईचा आवाज कसा होता? जाड का बारीक?” मी म्हटलं, गुळासारखा. “म्हणजे कसा?” मला पुढं सांगता आलं नाही. मी गाऊन दाखवायला गेले तर माझाच आवाज निघाला. परत तिनं विचारलं नाही. पण ती व्हिडिओची सीडी मात्र ती पुन्हा पुन्हा लावून बसायची.

यंदा तिचं लग्न ठरलं. मुलगा आमच्याच भागातला, पुण्यात नोकरीला. लग्न गावी करायचं होतं. एका रविवारी भात कालवता कालवता ती म्हणाली, “काकी, हॉल ठरला, जेवण ठरलं, सगळं ठरलंय. घाण्याला आईचं गाणं पाहिजे. तेवढं तू बघ.”

मी म्हटलं, अगं, त्याला दोघी लागतात.

“मग तूच दोघी हो की.”

ती हसत म्हणाली, पण मान वर केली नाही. ताटाकडंच बघत होती. मला रात्रभर ते लागून राहिलं. गावात आता हे गाणं पुरतं येणारी कुणी उरलेली नाही. नणंदेला फोन केला तर त्या म्हणाल्या, “तू चारचौघांत पाणी मागायला लाजतीस, दोनशे माणसांत घाणा कुठनं गाणार? लाव की मोबाइलवर एखादं.” त्यांचंही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी माइक पुसता पुसता मी सरांना सांगितलं. सर सत्तरीचे आहेत, त्यांना मराठी येत नाही. आमचं सगळं बोलणं तमिळमध्ये, मी इथं मराठीत लिहिते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, यात काय कठीण आहे, हौसाम्मा? (माझं नाव हौसा, सर हौसाम्मा म्हणतात.) एकाच माणसानं दोन आवाज म्हणायचे, हे तर आपण रोज करतो. आधी तुझ्या ओळी गा, तिच्या जागा रिकाम्या ठेव. मग दुसऱ्यांदा उभी राहा आणि त्या जागा भर. मी जोडून देतो. तेच तू लग्नात लाव.

माइकपुढं मला भीती नाही. माइक आपल्याकडं बघत नाही, नुसतं ऐकतो. मी हो म्हटलं. पण घरी सराव करायला लागले आणि रडकुंडीला आले. ओळ सोडून गप्प राहायचं, आक्कांची ओळ मनात म्हणायची आणि बरोबर वेळेवर परत सुरू व्हायचं, हे साधेना. कधी लवकर, कधी उशिरा. बावीसपैकी सात-आठ जागा चुकायच्याच.

रविवारी दुपारी दोन ते तीनची वेळ ठरली. त्या वेळेला आमची गल्ली झोपते. मी सगळं माझ्या हातानं लावलं, आणि हे मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण पुढं याच्यावरच सगळं आहे. माइक कपाळाच्या उंचीला, खाली झुकवलेला. त्याच्यापुढं चार बोटांवर जाळीची चकती. माझ्या पाठीमागं वाकळ. पंखा बंद, एसी बंद, बाहेरचा फ्रीजसुद्धा बंद. बांगड्या काढून रुमालात बांधल्या. खळ न केलेली मऊ सुती साडी नेसले, म्हणजे सळसळ नको. सरांनी कानाला हेडफोन देऊन त्यात ठोका लावून बघितला, पण त्या टिकटिकीवर मला मुसळ दिसेना. मी हेडफोन काढून बाहेर ठेवले. माझ्या कानाला काही नव्हतं, हे लक्षात ठेवा. सरांना मी काचेवर टॉवेल टाकायला सांगितला. दार लावलं. खोलीत मी एकटी. वीत लावली, आणि सुरू केलं.

“हळकुंड फुटलं बाई, उखळात…”

तोंड बाजूला केलं. श्वास घेतला. परत वळले.

खरं सांगते, मला आत काहीही ऐकू आलं नाही. कुणाचा स्पर्श नाही, वास नाही, गारवा नाही. उलट घाम आला होता. एवढंच वाटलं की आज सोपं जातंय. घरी मोजून मोजून चुकायचे, तिथं मोजावंच लागलं नाही. प्रत्येक वेळी तोंड वळवून परत आणलं की ओळ माझी वाट बघत उभी असल्यासारखी. अकरा कडवी एका दमात झाली. मला वाटलं, चला, निम्मं काम झालं.

दार उघडून सर आत आले. आले ते माझ्याकडं न बघता खोलीचे चारही कोपरे बघायला लागले. वाकळ बाजूला सारून मागं बघितलं. अकरा वर्षांत माझ्यावर त्यांनी आवाज चढवला नव्हता. तो त्या दिवशी चढवला.

“आत दुसरी बाई कोण होती, हौसाम्मा?”

मी म्हटलं, कुणी नाही सर.

“गाणाऱ्याशिवाय आत कुणी थांबायचं नाही, हा नियम तू लोकांना सांगतेस. आणि आज स्वतः?”

मला इतकं लागलं की रडूच आलं. चोरी केली म्हटले असते तरी चाललं असतं. पण माइकच्या खोलीत मी नियम मोडला म्हणणं मला सहन झालं नाही. मी त्यांना म्हटलं, दार एकच आहे आणि त्या दाराशी तुम्ही बसला होतात. कोण आलं असतं? सरांनी एकदा दाराकडं बघितलं. मग मला हात करून बाहेर नेलं, माझ्या कानाला हेडफोन लावले आणि सुरुवातीपासून ऐकवलं.

“हळकुंड फुटलं बाई, उखळात…” माझा आवाज.

“…ऊन सांडलं. हं.”

मी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. तो आवाज मी बावीस वर्षांनी ऐकत होते, आणि ओळखायला मला अर्धा शब्दसुद्धा लागला नाही.

सरांनी तो पुन्हा ऐकला, पुन्हा ऐकला. कॉम्प्युटरवर आवाजाची पट्टी एकच होती. जुनं काही खाली राहिलंय का, बघितलं. नव्हतं. माझाच आवाज भिंतीवरून परत आला म्हणावं, तर मी गप्प असताना तो नवे शब्द कसे म्हणेल? हेडफोनमधून गळाला म्हणावं, तर हेडफोनच नव्हते. शेजारचं कुणी म्हणावं, तर वेस्ट मांबलममध्ये खानापूरच्या घाण्याचं गाणं कुणाला येतं? मी स्वतःच बेभान होऊन दोन्ही म्हटलं म्हणावं, तर प्रत्येक ओळीच्या जोडावर क्षणभर दोन्ही आवाज एकत्र आहेत. मी सोडायच्या आत तो धरतो. एका गळ्यातून ते निघत नाही.

पण सरांना खरा घोर दुसऱ्याच गोष्टीचा होता. ते म्हणाले, लांबचा आवाज लांबचा वाटतो, बाजूचा बाजूचा वाटतो. चाळीस वर्षं मी हेच ऐकत आलोय. ही बाई लांब नाही, बाजूला नाही. हीसुद्धा माइकपासून एक वीतच आहे. आणि एका माइकपुढं एका वितीच्या अंतरावर दोन डोकी मावत नाहीत.

नंतर अश्विनी आणि मी ते करूनसुद्धा बघितलं. आमची कपाळं एकमेकींवर आपटली आणि जाळीची चकती वाकडी झाली.

सर मग स्वच्छता करायला बसले, म्हणजे नको ते बारीक आवाज पुसायला. पहिल्याच कडव्यातल्या “हं” वर त्यांनी बोट ठेवलं. हा गाण्याचा भाग नाही, काढतो. मी म्हटलं, “ते काढायचं नाही, सर.” सरांना मी नाही म्हटल्याची ती पहिलीच वेळ. सर म्हणाले, सरी, म्हणजे बरं. आणि हात मागं घेतला.

पाच वाजता अश्विनी अण्णा नगरहून आली. आम्ही दोघांनी ठरवून तिला काही सांगितलं नाही. सर एवढंच म्हणाले, ऐक, कसं झालंय. तिनं हेडफोन लावले, डोळे मिटले. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. माझी ओळ झाली, ती शांत बसलेली. दुसरी ओळ आली आणि तिचे ओठ हलले. नुसते, आवाज न काढता. माझ्या ओळीला बंद, दुसरीला उघडे. कडव्यामागून कडवं. आणि दर वेळी आवाज यायच्या जरा आधी तिची छाती श्वासानं भरायची. नंतर नाही, आधी.

संपल्यावर तिनं हेडफोन काढले. म्हणाली, “काकी, दुसरी आई आहे.”

“तुला आवाज आठवतो?”

“आवाज नाही आठवत,” ती म्हणाली. “पण मी लहानपणी टीव्हीपुढं बसून आईचं तोंड पाठ केलंय.”

तो व्हिडिओ तिच्या मोबाइलमध्ये होता. सरांनी त्यातलं सिनेमाचं गाणं बंद केलं आणि मूक चित्रावर आमचं गाणं लावलं. पहिला शब्द तेवढा जुळवून घेतला, पुढं हात लावला नाही. घाण्याचं चित्र दीड मिनिटाचं आहे. दीड मिनिट आक्का गात होत्या. तोंड उघडलं की आवाज, मिटलं की “हं”, मुसळ वर गेलं की श्वास, आणि त्या श्वासात माझी ओळ. त्या चित्रात बावीस वर्षांपूर्वी पाठमोरी उभी असलेली मी, आणि त्या दिवशी दुपारी दोन वाजता गायलेली मी. कुठंही दोरा तुटला नाही. मुरलेल्या डबिंगवाल्यालाही इतकं जुळवता येत नाही, असं सर म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. अश्विनी मोबाइल हातात धरून माझ्या खांद्याला टेकून राहिली.

गावी घाण्याच्या दिवशी सकाळी अंगणात उखळ मांडलं. नणंद आणि धाकटी जाऊ मुसळं घेऊन उभ्या राहिल्या. मी स्पीकर ओट्यावर ठेवला, भिंतीपासून हातभर पुढं, म्हणजे आवाज घुमायला नको. आणि गाणं लावलं. पहिली ओळ झाली. दुसरी आली तशी नणंदेचं मुसळ हवेतच राहिलं. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाल्या, “ही थोरली वैनी.” बायका थांबल्या. मग नणंदेनंच मुसळ खाली टाकलं आणि बाकीचं गाणं होईपर्यंत त्या ठेक्यावर कुटत राहिल्या, डोळे पुसायलाही थांबल्या नाहीत.

माझे थोरले दीर, आक्कांचे मालक, त्यांना आम्ही आबा म्हणतो, ते मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. मी त्यांच्यापुढं कधी मोठ्यानं बोललेले नाही. गाणं संपलं तेव्हा ते पुढं आले. म्हणाले, “हे कुणी केलं?”

सगळ्या अंगणानं माझ्याकडं बघितलं. दोनशे नसतील, पण साठ-सत्तर तरी माणसं. घसा बंद व्हायच्या आत मी म्हटलं, “मी, आबा. माइक मी लावला होता.”

आबांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. “बरा लावलास, पोरी,” एवढंच म्हणाले.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी सरांनी मला टेबलाशी बोलावलं. स्टुडिओत झालेल्या प्रत्येक गाण्याची ते एका जाड रजिस्टरमध्ये नोंद ठेवतात. त्या रविवारची ओळ त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती. पेन माझ्या हातात दिलं आणि एकेक रकाना विचारत गेले. मी मराठीत लिहिलं. गाणारे — दोन. माइक — एक. अंतर — एक वीत. माइक लावणार — हौसा. या शेवटच्या रकान्यात आजवर फक्त सरांचं नाव असायचं.

पुढं शेऱ्याचा रकाना होता. काही बिघाड, काही वेगळं घडलं तर त्याचं कारण तिथं लिहायचं असतं. सरांनी माझ्याकडं बघितलं, मी सरांकडं. आम्ही दोघांनी विचार केला. आजही करतो. तो रकाना अजून कोरा आहे.